अर्थिंगला घातलेलं पाणी

ही गोष्ट सांगायचं मी आजवर टाळत आलो. टाळायला फार कष्ट पडले नाहीत, कारण सांगा म्हणून कोणी मागेच लागलं नव्हतं. उलट गल्लीत या गोष्टीची एक वेगळीच आवृत्ती चालू होती आणि तीत मी बरा दिसत होतो. आपल्याबद्दलचं खोटं आपल्याला शोभत असेल, तर ते दुरुस्त करायला कोण धावतो?

पण मागे आमचे शेजारी गुरुजी पुण्यात वारले, आणि गल्लीतल्या लोकांनी देवळाच्या हॉलमध्ये छोटी शोकसभा ठेवली. एक गृहस्थ उठून म्हणाले, "गुरुजींनी आपल्याला खूप काही दिलं. अर्थिंगला रोज पाणी घालायला या गल्लीला गुरुजींनीच शिकवलं." लोकांनी माना डोलावल्या. मग सगळ्यांचे चेहरे माझ्याकडे वळले, कारण गुरुजींची आणि माझी भिंत एक आणि त्या अर्थिंगचा मूळ वैद्य मी. मी उठलो, दोन शब्द बोललो आणि खाली बसलो. त्या दोन शब्दांत खरा शब्द एकही नव्हता.

घरी येताना बायको म्हणाली, "तिथंही नाही सांगितलं ना?"

"शोकसभेत कुठं असलं सांगतात?"

"मग कुठं सांगतात? बारशाला?"

म्हणून आता लिहितोय.

मी उभी हयात चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मेंटेनन्समध्ये काढली. मशीन कुरकुरली की मला बोलावणं यायचं. मी कान देऊन म्हणायचो, "बेअरिंग गेलं," आणि बहुतेक वेळा बेअरिंगच गेलेलं असायचं, कारण कारखान्यात बहुतेक वेळा बेअरिंगच जातं. पण लोकांना वाटायचं की या माणसाच्या कानात काहीतरी आहे. पुढं पुढं मलाही तसंच वाटायला लागलं.

रिटायर झाल्यावर मी हौसेनं गाणं ऐकायची यंत्रणा जमवली. जुना पण वजनदार अॅम्प्लिफायर, रेकॉर्ड प्लेअर, आणि कंबरेएवढ्या उंचीचे दोन लाकडी स्पीकर. आलेले पाहुणे विचारत, "ही कपाटं छान आहेत, यांत काय ठेवता?" बायको सांगे, "यांचं डोकं."

सगळं जोडून पहिली रेकॉर्ड लावली त्या दिवशी मी देवासमोर साखर ठेवली होती. काही महिने सुखात गेले. मग एका उन्हाळ्याच्या तोंडाला, दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत, मला तो ऐकू आला. घूं... बारीक, एकसारखा, कुठंही न थांबणारा. तुमच्या खोलीत कुणीतरी तोंड मिटून बसलंय आणि त्याला काहीतरी म्हणायचंय, असा. बायकोनं त्याचं नाव भुंगा ठेवलं.

"गाणं चालू असताना ऐकू येतो का?" तिनं विचारलं.

"नाही. गाणं थांबलं की येतो."

"मग थांबवू नका ना."

तिला ते साधं वाटलं. पण ज्याच्या कानाला कारखान्यानं सलाम केला, त्याच्या स्वतःच्या हॉलमध्ये भुंगा? मी शोध सुरू केला. वायरी बदलल्या. बदललेल्या वायरी पुन्हा बदलून जुन्या लावल्या. रेकॉर्ड प्लेअर काढून बघितला, भुंगा तसाच. फ्रिजवर संशय घेऊन फ्रिज बंद केला आणि चालू करायला विसरलो, त्या दिवशी घरात नासलेल्या दुधाचा कलाकंद झाला. इन्व्हर्टर, ट्यूबलाइट, मोबाइलचा चार्जर, सगळ्यांची झडती झाली.

मग शेवटची पद्धत. मी स्पीकरला कान लावून बसायचं आणि बायकोनं घरातलं एकेक बटण बंद करत जायचं. दुपारची वेळ, दारं-खिडक्या उघड्या.

"गेला का?" ती स्वयंपाकघरातून ओरडली.

"नाही अजून!"

"आता?"

"आहे, आहे! थोडा आहे!"

"नीट बघा, गेला असेल!"

"नाही गं, चालू आहे! तू दुसरं बंद कर!"

इतक्यात मधली बुटकी भिंत ओलांडून, अनवाणी, अंगात नुसता बनियन अशा अवतारात गुरुजी आत घुसले. चेहरा पांढरा पडलेला. "कोण हाय? कोण चाललंय? रिक्षा बोलावू का? साहेब, तुमी तर धडधाकट बसलाय!"

बायको बाहेर आली. म्हणाली, "भुंगा जातोय, गुरुजी. म्हणजे जात नाहीये."

गुरुजी खुर्चीत बसले, पाणी प्याले आणि मग इतके हसले की पुन्हा पाणी द्यावं लागलं. जिल्हा परिषदेच्या शाळांत, फर्दापूरकडच्या खेड्यांत त्यांची सगळी नोकरी झालेली. शुद्ध मराठी त्यांनी वर्गात वापरून संपवली होती, घरासाठी गावाकडचीच ठेवली होती. मला ते साहेब म्हणत. मी कारखान्यात साहेब कधीच नव्हतो, पण ही दुरुस्तीही मी कधी केली नाही.

"मला बी ऐकू द्या तुमचा भुंगा," म्हणून त्यांनी स्पीकरला कान लावला. बराच वेळ ऐकलं. मग डोळे मिटून त्या घूंच्या जोडीनं "आऽऽ" लावला. गुरुजी भजनी मंडळातले, आवाज जाडा पण सुरेल.

"साहेब, ह्यो तर सा हाय! लई बेस लागलाय. कशाला घालवता? मंडळाला तंबोरा नाय, तुमच्याकडं फुकट वाजतोय."

त्यानंतर ते रोज संध्याकाळी येऊ लागले. मी रेकॉर्ड लावायचो, ते मान डोलवायचे, आणि गाणं संपलं की उरलेल्या भुंग्यावर एखादा अभंग म्हणून घ्यायचे. मला मजा यायची आणि रागही यायचा. ज्याला मी रोग म्हणत होतो, त्याच्यासमोर हा माणूस मांडी घालून बसत होता.

शेवटी मी ओळखीच्या एका इलेक्ट्रिशियनला फोन लावला. त्याची बोली अस्सल इथली दखनी.

"भाई, स्पीकर में से हम आता है," मी म्हणालो. भुंग्याला इंग्रजीत हम म्हणतात, आणि आपल्याला ते येतं हे मला त्याला कळवायचं होतं.

"हौ अंकल, आते हम. शाम कू आते."

"अरे तुम नहीं. हम! हम आता है!"

"हौ ना, हमीच आते बोला ना. दुसरे किसकू कायकू भेजना?"

"भाई, स्पीकर में से आता है!"

मग तो जपून म्हणाला, "अंकल, हम दरवाजे से आते."

संध्याकाळी तो दारातूनच आला. चहा प्याला, भुंगा ऐकला, "नवा ले डालो," म्हणाला आणि गेला.

आता माझ्या अब्रूचा प्रश्न झाला होता. गुरुजी रोज विचारायचे, "काय साहेब, लागला का पत्ता?" मला उत्तर हवं होतं, आणि उत्तर हवंच असलं की माणसाला सापडतं. मी मल्टिमीटर काढला आणि घराचं अर्थिंग मोजलं. आमची रो-हाउसं. बिल्डरनं दोन-दोन घरांना मिळून एकच अर्थिंगचा खड्डा दिलेला. आमचा तो गुरुजींच्या अंगणात, त्यांच्या लिंबोणीच्या बुडाशी. झाकण उचललं तर आत माती पापडासारखी कोरडी. बास. मी कमरेवर हात ठेवून, "बेअरिंग गेलं" म्हणायच्या त्याच सुरात जाहीर केलं, "अर्थिंग सुकलंय. भुंगा इथून येतो."

गुरुजींचा चेहरा एकदम उतरला. "म्हंजी आमच्या अंगणातून?"

"तसं नाही, गुरुजी. पण..."

या 'पण'च्या पुढं मी काहीच बोललो नाही. आज वाटतं, सगळा घोटाळा त्या 'पण'मध्ये आहे.

"आमच्या अंगणातलं म्हंजी दोष आमचाच झाला की," ते म्हणाले. "काय करावं लागंल, सांगा."

"पाणी घालावं लागतं. आणि मीठ. जाडं मीठ."

आता या शहरात पाणी घालावं लागतं असं कुणाला सांगणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही. आमच्याकडं नळ रोज येत नाही. तो मधले कितीतरी दिवस गाळून येतो, आणि आला की घरातलं लग्न असलं तरी आधी ड्रम भरतात. पाहुण्याला चहा मिळतो. हात धुवायला किती मिळेल ते घरमालकिणीच्या मनावर. अशा गावात मी एका माणसाला लोखंडाच्या पाइपाला पाणी पाजायला सांगत होतो.

त्यांनी विचारलंही, "भांडी घासल्यालं चालंल का, साहेब? भाजी धुतल्यालं?"

आणि मी म्हणालो, तज्ज्ञ म्हणतात तसं मान हलवून म्हणालो, "साबणाचं, खरकटं नको, गुरुजी. चांगलं पाणी पाहिजे."

दुसऱ्या दिवसापासून गुरुजी अंघोळ करून, ओल्या टॉवेलावर, बादलीभर चांगलं पाणी घेऊन त्या खड्ड्याशी उभे राहू लागले. वर मूठभर जाडं मीठ. गुरुजींच्या मंडळींचा, म्हणजे वहिनींचा, आवाज भिंतीवरून आमच्या स्वयंपाकघरात यायचा, तो माझ्या बायकोसाठी असायचा आणि माझ्यासाठीही.

"बगा ताई, घरात माणसाला आंगोळीला तांब्या-तांब्यानं पाणी, अन् लोखंडाला बादली! लोणच्याचं मीठ बी गेलं. उद्या म्हणतील पाइपाला भूक लागली, भाकरी टाक."

"गप ये," गुरुजी म्हणायचे. "शास्त्र हाय ते. साहेबांनी मीटर लावून बगितलंय."

भुंगा अर्थातच तसाच होता. मी म्हणायचो, मुरायला वेळ लागतो. लोणच्यासारखं.

एका सकाळी बायकोनं झाडलोट काढली. मी रेकॉर्ड संपल्यावर भुंगा ऐकत बसलो होतो. तोवर मला त्याची सवय झाली होती. तिनं टीव्हीचं स्टँड भिंतीपासून ओढलं, केबलवाल्याची वायर ताणली गेली आणि टीव्हीच्या पाठीतून निसटली. आणि हॉलमध्ये एकदम शांतता झाली. अशी, की मला माझ्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली.

"काय झालं?" ती म्हणाली.

"ती वायर परत लाव."

तिनं लावली. घूं.

"काढ."

शांतता.

मग मी गुडघ्यांवर रांगत स्टँडच्या मागं गेलो. तिथं टीव्हीतून निघून भिंतीच्या कडेनं, पायपुसण्याखालून, कपाटामागून अॅम्प्लिफायरपर्यंत गेलेली एक बारीक वायर होती. ती मी लावली होती. क्रिकेटच्या मॅचमधला गलका मोठ्या स्पीकरवर यावा म्हणून स्वतःच्या हातानं लावली होती आणि साफ विसरलो होतो. एका बाजूनं अॅम्प्लिफायर घराच्या अर्थिंगला जोडलेला, दुसऱ्या बाजूनं टीव्हीमार्गे केबलवाल्याच्या वायरीला, आणि ती वायर कुठल्या तरी लांबच्या खांबापाशी जमिनीला टेकलेली. दोन जमिनींच्या मध्ये माझा अॅम्प्लिफायर बसून रडत होता. अर्थिंग ओलं असो की कोरडं, त्याला काही फरक पडणार नव्हता. घरातली सगळी बटणं आम्ही बंद केली तेव्हाही ही वायर होती तशीच होती, कारण तिला बटण नव्हतं. मेंटेनन्सच्या पहिल्याच वर्षाला पोराला जे सांगतात ते हेच: जे जोडलंय ते सगळं आधी सोडव. मी टीव्ही सोडवला नाही, कारण मला तो गाण्याच्या कुटुंबातला वाटतच नव्हता.

मी ती बारीक वायर उपटली. भुंगा मेला.

बायको हातात झाडू घेऊन उभी होती. आधी ती हसली. मग थांबली आणि म्हणाली, "अहो, गुरुजी पाणी घालतायत."

खरंच, बाहेर बादली आपटल्याचा आवाज आला. मी उठेपर्यंत गुरुजी दारात. ओले पाय, हाताला मीठ चिकटलेलं. त्यांनी आत पाऊल टाकलं आणि तिथंच थांबले. मान तिरकी केली. सूर शोधतात तसं शोधलं.

"साहेब," ते हळूच म्हणाले, "गेला?"

"गेला," मी म्हणालो.

"पाण्यानं?"

बायको माझ्याकडं बघत होती. एवढंच सांगायचं होतं: 'नाही गुरुजी, माझा गाढवपणा होता.' पण त्यांचा चेहरा! दहावीचा निकाल बघायला आलेल्या पोराचा असतो तसा. आणि माझा चेहरा टिकवायचा होता, हेही खरंच. मी म्हणालो, "मुरलं शेवटी."

गुरुजींनी टाळी वाजवली. "बगा! म्या हिला म्हणत होतो, शास्त्र हाय म्हणून!" मग दारातून निघता निघता वळून विचारलं, "आता बंद करू का रोज घालू?"

इथं मला दुसरी संधी मिळाली होती. बंद करा म्हणालो असतो तर निम्मं पाप तरी वाचलं असतं. पण बंद केल्यावरही भुंगा परत आला नाही, तर त्यांना शंका यायची. मी म्हणालो, "घातलेलं बरं."

ते गेल्यावर बायको म्हणाली, "लोक मिठाला जागतात. तुम्ही मिठाला झोपलात."

त्यानंतरचं सगळं माझ्या हातात राहिलं नाही. गुरुजी मूळचे शिक्षक. एखादी गोष्ट त्यांना कळली की ती दुसऱ्याला समजावून सांगितल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. बँकेतून रिटायर झालेल्या कोपऱ्यावरच्या गृहस्थांचा पंखा थरथरत होता. गुरुजी म्हणाले, अर्थिंग बगा. त्यांनी पाणी घातलं, आणि पंख्यानं थरथरणं सोडलं. कसं सोडलं ते देव जाणे. मला वाटतं त्या निमित्तानं त्यांनी पंखा पुसला असावा. समोरच्यांच्या फ्रिजचा आवाज कमी झाला. एका आजींचे गुडघे दुखायचे थांबले, तेही अर्थिंगनंच. सकाळी वाकून पाणी घातल्यानं गुडघे मोकळे झाले हे कुणी लक्षात घेतलं नाही. सकाळी गल्लीत जागोजागी माणसं झाकणं उचलून उभी दिसायला लागली. शंका आली की लोक माझ्याकडं यायचे.

"साहेब, सैंधव चालतं का?"

"जाडं बरं," मी म्हणायचो.

मग एके दिवशी गुरुजींच्या अंगणातल्या त्या खड्ड्याच्या झाकणावर हळदीकुंकू दिसलं. शेजारच्या गल्लीतून दूध घ्यायला येणाऱ्या एका बाईंनी वाहिलं होतं. वहिनींनी विचारलं तर त्या म्हणाल्या, "गुरुजी रोज आंगोळ करून, ओलेत्यानं पाणी घालतात, वर मीठ उतरवतात. म्हणलं कडक देवस्थान असंल."

वहिनी त्या दिवशी भिंतीपाशी येऊन म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या गाण्यापायी आमच्या दारात देव बसला. आता नैवेद्याचं बी सांगा, एकदाच." त्या हसत होत्या. मी हसलो. पण मी त्या खड्ड्याकडं नव्हतो बघत. मी लिंबोणीकडं बघत होतो.

ती लिंबोणी गुरुजींनी घर घेतलं तेव्हा लावलेली. गल्लीत कुणाच्या घरी पोहे झाले की लिंबू त्यांच्या झाडाचं. उन्हाळ्यात सरबत, पावसाळ्यात लोणचं. कुणी पोरगं लिंबू मागायला आलं की गुरुजी आधी एक पाढा म्हणायला लावायचे. त्या वर्षी तिच्या पानांच्या कडा जळाल्यासारख्या तपकिरी व्हायला लागल्या. मग पानं गळायला लागली. गुरुजी म्हणाले, "ऊन लई हाय यंदा." वहिनी म्हणाल्या, "तिच्या वाटचं पाणी पाइपाला जातंय." दोघांचंही चुकत होतं. पाणी तिला भरपूर मिळत होतं; तिच्या बुडाशीच तर रोज बादली ओतली जात होती. पण प्रत्येक बादलीबरोबर मूठभर मीठ मुळाशी जात होतं. लिंबोणी तहानेनं मरत नव्हती. तिला रोज सकाळी आम्ही थोडं थोडं मारत होतो. आम्ही म्हणजे मी. गुरुजींचे फक्त हात होते.

मी घाईघाईनं सांगितलं, "गुरुजी, आता मीठ बंद केलं तरी चालेल."

"नको साहेब, एवढ्यासाठी कशाला? पुन्यांदा भुंगा आला म्हंजी?"

तेव्हा मी ठरवलं, सांगायचंच. संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो. "गुरुजी, त्या भुंग्याबद्दल जरा बोलायचं होतं," अशी सुरुवातही केली.

"बोला की," ते म्हणाले आणि मग स्वतःच बोलायला लागले. "साहेब, खरं सांगू का? उभी नोकरी पोरांना विज्ञान शिकवलं. पुस्तकात होतं ते शिकवलं. वीज अशी जाती, तशी जाती. पण आपण काय केलं अन् ते खरं झालं, असं कधी जलमात झालं नव्हतं. प्रयोगाच्या सामानाची पेटी कुलपातच राह्यची. ह्यो पयला प्रयोग, जो आपल्या हातानं जमला. तुमच्यामुळं."

मी म्हणालो, "तुमच्यामुळं, गुरुजी."

घरी आल्यावर बायकोनं माझ्याकडं नुसतं बघितलं आणि पोळी वाढली.

दुसऱ्यांदा प्रयत्न केला तो लिंबोणी तोडायच्या दिवशी. झाड पार वाळलं होतं. गुरुजींनी फांदीला दोर बांधला, त्याचं टोक माझ्या हातात दिलं आणि करवत चालवायला लागले. मी दोर धरून म्हणालो, "गुरुजी, हे झाड मिठानं गेलं."

त्यांनी करवत थांबवली. घाम पुसला. एक क्षण मला वाटलं, सुटलो.

"म्या बी हिला तेच म्हणलं," ते म्हणाले. "मधी दोन दिस मीठ संपलं व्हतं. त्यो खंड पडला, त्यानंच झालं आसंल." आणि माझी समजूत घालावी तसं खांद्यावर हात ठेवून, "जाऊ द्या, साहेब. तुमी मनाला लावून घेऊ नका. झाड काय, पुन्यांदा लावू. तुमचं गाणं नीट चाललं पाह्यजे."

मी दोर ओढला. झाड आमच्या बाजूलाच पडलं.

पुढं वहिनींच्या तब्येतीमुळं मुलानं दोघांना पुण्याला न्यायचं ठरवलं. गुरुजींचं मन नव्हतं. "पुण्यात म्हणं रोज पाणी येतं," असं मात्र ते सगळ्यांना सांगत फिरत होते, आपली समजूत काढावी तसं. जायच्या दिवशी सकाळी मुलाची गाडी दाराशी लागली. गल्ली जमली. वहिनी माझ्या बायकोच्या गळ्यात पडल्या. मी गुरुजींच्या खिडकीपाशी गेलो. आदल्या रात्री झोपलो नव्हतो. काय बोलायचं ते शब्दन् शब्द पाठ केलं होतं.

"गुरुजी, एक सांगायचं राहिलं."

"सांगा की, साहेब."

त्यांनी काच पूर्ण खाली केली आणि मान तिरकी करून कान माझ्याकडं आणला. सूर ऐकायचे तसा. बायको माझ्या मागं येऊन उभी राहिल्याचं मला कळलं. मुलानं गाडी चालू केली. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "पोचल्यावर फोन करा."

"करतो की!" ते म्हणाले. एवढ्यासाठी हा माणूस खिडकीशी आला याचा त्यांना आनंद झालेला दिसत होता. पोचल्यावर त्यांनी फोनही केला. मी पाण्याची चौकशी केली. त्यानंतर पुष्कळ फोन झाले, आणि दर वेळी मी तब्येतीबद्दल, हवेबद्दल, भजनाबद्दल बोललो.

पाठ केलेलं होतं ते असं:

गुरुजी, भुंगा माझ्या वायरीत होता. ती वायर मीच लावली होती आणि विसरलो होतो. तुमच्या अंगणात काहीही बिघडलेलं नव्हतं. तुमच्या पाण्यानं काही बरं झालं नाही आणि माझ्या मिठानं तुमची लिंबोणी गेली. भुंग्याचं मला त्याच दिवशी कळलं होतं, तुम्ही ओल्या पायांनी दारात उभे होतात तेव्हा. तुम्ही इतके खूश होतात की मला बोलता आलं नाही, असं मी स्वतःला सांगत आलो. पण खरं म्हणजे मला लाज वाटली. माझं चुकलं, गुरुजी. मला माफ करा.